बाबांनी विचारलं, ‘हा फोटो खरा आहे का?’ : हिंजवडीच्या गच्चीवरून तेजोमेघ

आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मसुदा. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसंय’ काढलेत, शेजारच्या साईटवरच्या काँक्रीट मिक्सरचा आवाज काढलाय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही आणि फेज थ्रीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास मोकळा आहे, त्यांच्यासाठी.

तर झालं असं. जानेवारीत मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. लाल गुलाबासारखा ढग, मधोमध पोकळी, आणि त्या पोकळीत निळसर ताऱ्यांचा पुंजका. खाली लिहिलं, ‘हिंजवडी, आमच्या सोसायटीची गच्ची.’ आत्यानं हात जोडले. मावसभावानं विचारलं, ‘कुठलं एआय वापरलंस?’ आणि रात्री बाबांचा फोन आला. बाबा कराडला असतात, गणिताचे शिक्षक होते, आता निवृत्त.

ते म्हणाले, “अरे, दिवाळीत तुझ्याकडे आलो होतो तेव्हा मीही त्या गच्चीवर गेलो होतो. मोजून पंधरा-वीस तारे दिसले. मग हे एवढं कुठून आलं? खरं आहे का हे, की रंगवलंयस?”

मी म्हटलं, “बाबा, खरं आहे.” ते म्हणाले, “कशावरून?”

आणि मी गप्प. आठ महिने हे काम करत होतो, पण ‘कशावरून’चं उत्तर मला नीट देता येईना. आजचा भाग म्हणजे ते उत्तर.

तिथे नक्की आहे काय?

तेजोमेघ, म्हणजे नेब्युला, हा अवकाशातला वायू आणि धुळीचा प्रचंड ढग. मी ज्याचा फोटो काढला त्याचं नाव रोझेट. साधारण पाच हजार प्रकाशवर्षं दूर. आकाशात तो पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून जास्त रुंद आहे, पण इतका मंद की नुसत्या डोळ्यांना त्याचा पत्ताच लागत नाही.

त्याच्या पोटात तरुण, अतिशय तापलेले तारे आहेत. त्यांच्यातून अतिनील किरण बाहेर पडतात आणि आजूबाजूच्या हायड्रोजनमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतात. हे इलेक्ट्रॉन परत अणूला येऊन चिकटतात आणि पायऱ्या उतरल्यासारखे खाली येतात. त्यातल्या एका ठरावीक पायरीला लाल उजेड बाहेर पडतो, बरोबर ६५६.३ नॅनोमीटरचा. साडेसहाशे नाही, सातशे नाही, ६५६.३.

हा आकडा लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

सुरुवात फोनपासून

रोझेट ही पहिली पायरी नव्हे. पहिली पायरी मृग.

आपल्याकडे मृग म्हटलं की पाऊस आठवतो. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर ‘मृग लागला’ म्हणतात, कारण तेव्हा सूर्य मृग नक्षत्राच्या दिशेला असतो. म्हणजे त्या दिवसांत मृग रात्री दिसणारच नाही. तो दिसणार सहा महिन्यांनी, डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हा आपल्याकडे आकाशही मोकळं असतं.

मृगाच्या पोटात ओळीनं तीन तारे आहेत, तो बाण. त्यांच्या खाली तीन मंद ठिपके, एकाखाली एक. त्यातला मधला ठिपका म्हणजे मृगातला मोठा तेजोमेघ, एम ४२. अंतर साधारण साडेतेराशे प्रकाशवर्षं. म्हणजे आज रात्री जो उजेड तुमच्या फोनवर पडेल, तो निघाला तेव्हा बदामीला चालुक्यांचं राज्य होतं.

फोन ट्रायपॉडवर लावा. प्रो मोड, आयएसओ १६००, शटर आठ सेकंद, तीन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. फाइल रॉमध्ये ठेवा, नाहीतर फोन स्वतःच्या मनानं चित्र ‘सुधारतो’. असे पन्नास फोटो काढा. एका फोटोत काही विशेष दिसणार नाही. पन्नास एकत्र केले की मधला ठिपका गुलाबी, धुरकट होतो. माझा पहिला तेजोमेघ असाच, तांदळाच्या दाण्याएवढा. त्या रात्री मी झोपलो नाही, दुसऱ्या दिवशीच्या स्टँडअपला मुका बसलो होतो.

पण ‘पन्नास एकत्र करायचे’ म्हणजे काय? बाबांना मी फोनवर आधी हेच समजावलं, कारण हे शुद्ध गणित आहे.

वजाबाकी जमते, थरथर वजा होत नाही

समजा, कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलवर हिंजवडीच्या उजळ आकाशातून १,००० फोटॉन येतायत आणि तेजोमेघातून फक्त १०. (आकडे उदाहरणापुरते.) तुम्ही म्हणाल, हजार वजा करा, उरले दहा, संपला विषय. पण प्रकाश नळाच्या पाण्यासारखा सलग येत नाही, पत्र्यावरच्या पावसासारखा येतो, थेंबाथेंबानं. कधी ९७० थेंब, कधी १,०३०. ही थरथर साधारण वर्गमुळाएवढी असते, आणि हजाराचं वर्गमूळ जवळपास ३२. बत्तीसच्या थरथरीत दहाचा आवाज ऐकू येणार कसा?

आता शंभर फोटो घेऊन बेरीज करा. आकाशाचे झाले १,००,०००, त्याची थरथर ३१६. तेजोमेघाचे झाले १,०००. आता थरथरीपेक्षा सिग्नल तिप्पट. म्हणजे ढग दिसला!

यालाच स्टॅकिंग म्हणतात. सिग्नल फोटोंच्या संख्येच्या पटीत वाढतो, गोंगाट तिच्या वर्गमुळाच्या पटीत. चारपट फोटो, दुप्पट स्वच्छ चित्र. सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आणि ती आणखी एक काम करतात. लोहगावला उतरणारं विमान, उपग्रहाची रेघ, असं जे एखाद्याच फोटोत आलंय ते फेकून देतात. प्रत्येक फोटोत त्याच जागी जे परत परत येतं, तेवढंच ठेवतात.

बाबा म्हणाले, “हे पटलं. पण मग वाढवत जा फोटो, अडचण काय?”

अडचण हिंजवडी.

दोन तासांची नारिंगी पाटी

आमच्या गच्चीवरून एका बाजूला आयटी पार्कच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला माण-मारुंजीकडची नवी टॉवर्स, त्यांच्या डोक्यावर क्रेन, क्रेनवर फ्लडलाइट. आकाशाचा अंधार मोजायला बॉर्टल नावाची एक ते नऊ अशी पट्टी वापरतात. एक म्हणजे निखळ अंधार, नऊ म्हणजे शहराचा मध्य. आमची गच्ची माझ्या अंदाजानं आठ.

त्यात पृथ्वी फिरते. ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवायला ट्रॅकर लागतो, आणि ट्रॅकरचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. पुणे साडेअठरा अक्षांशावर, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंश वर. आमच्याकडे तिथे समोरच्या टॉवरचा बारावा मजला आहे. मग आकाशाच्या दुसऱ्या भागाचे फोटो काढून सॉफ्टवेअर ते ताऱ्यांच्या नकाशाशी ताडून बघतं आणि सांगतं, अक्ष एवढा डावीकडे, एवढा वर. ध्रुव न बघता ध्रुवाकडे तोंड.

एवढं सगळं जमवून, जुना डीएसएलआर आणि छोटी ६० मिलिमीटरची दुर्बीण लावून, मी रोझेटचे दोन तास फोटो घेतले. डीएसएलआरच्या सेन्सरपुढे एक काच असते, ती ६५६.३चा बराचसा लाल उजेड अडवते. तीही एका जाणकाराकडून बदलून घेतली होती. सगळे फोटो स्टॅक केले. दिसलं काय? नारिंगी-राखाडी पाटी, त्यावर तारे. ढग नाही.

पहाटे तीन वाजता दवानं भिजलेल्या वायरी गुंडाळताना ठरवलं, ट्रॅकर विकून टाकायचा.

तीनशेतले चौदा

विकला नाही, कारण मित्रानं विचारलं, “तुला सगळं आकाश कशाला हवंय?”

इथे तो ६५६.३चा आकडा परत येतो. रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीत जवळपास सगळे रंग असतात, ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत पसरलेले. पण रोझेटसारखा तेजोमेघ आपला बराचसा उजेड मोजक्या बारीक रेघांमध्ये देतो. एक ६५६.३ची लाल, हायड्रोजनची. दुसरी ५००.७ची हिरवट, ऑक्सिजनची. मग कॅमेऱ्यापुढे अशी काच लावायची, जिच्यात फक्त दोनच अरुंद खिडक्या आहेत, या दोन रेघांपुरत्या. त्याला ड्युअल नॅरोबँड फिल्टर म्हणतात. माझ्या फिल्टरची प्रत्येक खिडकी सात नॅनोमीटर रुंद.

आता बाबांसाठीचा हिशोब. एकूण पट्टा ३००, त्यातले मी घेतले १४. आकाशाचा उजेड ढोबळमानानं एकविसाव्या हिश्शावर आला. तेजोमेघाच्या त्या दोन रेघा मात्र जवळपास पूर्ण आत आल्या. मघाचंच उदाहरण घ्या. हजाराचे झाले ५०, तेजोमेघाचे दहा ते दहाच. शंभर फोटोंत सिग्नल थरथरीच्या तेरापट. फिल्टर नसता तर तिथे पोचायला साधारण सतराशे फोटो लागले असते.

फिल्टरला माझं एका महिन्याचं घरभाडं गेलं. पण पहिल्याच रात्री, तीन मिनिटांच्या एकाच फोटोत, लॅपटॉपवर एक फिकट लाल कडं दिसलं. तेवढ्या वेळात हिंजवडीतला एकही दिवा विझलेला नव्हता.

ज्यांना लगेच ऑर्डर करायचाय त्यांनी थांबा. हा फिल्टर प्रत्येक गोष्टीला चालत नाही. देवयानीची दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्र उजेड. कृत्तिकांभोवतीचा निळा धूसरपणा म्हणजे धुळीवरून परतलेला ताऱ्यांचा प्रकाश. या उजेडात सगळे रंग असतात, म्हणून फिल्टर दिव्यांबरोबर त्यांनाही कापतो. त्यांच्यासाठी अंधाऱ्या जागी जाण्याला पर्याय नाही.

हिरव्या रेघेचं पुणे कनेक्शन

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. ती ५००.७ची हिरवी रेघ.

१८६४ साली विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला आणि त्यांना ही रेघ दिसली. ती कुठल्या मूलद्रव्याची, कोणालाच कळेना. नॉर्मन लॉकयर हे त्या काळचं मोठं नाव. त्यांचं म्हणणं, तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आणि ही रेघ मॅग्नेशियममुळे दिसते.

तेव्हा पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नायगमवाला हे प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी तिथे १८८८च्या सुमारास महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिच्यातली २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी. नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाच्या त्या रेघेचा अभ्यास केला. मॅग्नेशियम असतं तर रेघ एका बाजूला पसरत, विरत गेलेली दिसायला हवी होती. त्यांना ती स्वच्छ, धारदार दिसली. १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष छापून आला, आणि तो लॉकयर यांच्या विरोधात होता. दोनच वर्षांनी, १८९३ साली, टिळकांचा ‘ओरायन’ ग्रंथ आला. पुण्यातली दोन माणसं, एकाच मृगाकडे बघणारी, अगदी वेगवेगळ्या कारणांनी.

त्या रेघेला लोकांनी ‘नेब्युलियम’ या नव्याच मूलद्रव्याचं नाव देऊन टाकलं होतं. खरं उत्तर मिळालं १९२७ मध्ये. आयरा बोवेन यांनी दाखवलं की तो आपला ऑक्सिजनच, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, आणि इतक्या विरळ जागी की अणू एकमेकांवर क्वचितच आपटतात. पृथ्वीवरच्या साध्या प्रयोगात ती रेघ दिसत नाही, कारण उजेड देण्याआधीच अणूला धक्का बसतो.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. पण माझ्या फिल्टरची दुसरी खिडकी उघडते ती नेमकी त्यांच्याच रेघेवर.

आणि घरातून हे काम करण्याची लाज बाळगू नका. तेजोमेघाचा पहिला फोटो ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर या अमेरिकन डॉक्टरनं काढला, स्वतःच्या घराजवळच्या वेधशाळेतून, ५१ मिनिटांचं एक्स्पोजर देऊन. १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमन या इंग्लिश इंजिनियरनं लंडनजवळच्या ईलिंगमध्ये, घरामागच्या बागेतून मृगाच्या तेजोमेघाचा जो फोटो काढला, त्यात डोळ्यांना दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उमटले होते.

मग रंग खरे की खोटे?

बाबांचा पुढचा प्रश्न हाच होता. प्रामाणिक उत्तर असं.

लाल जागी खरोखर लाल उजेड आलाय, मधल्या निळसर-हिरव्या जागी ऑक्सिजनचा. मी फक्त उजळपणा ताणलाय, मंद भाग वर आणलेत. नवा आकार काढलेला नाही, एआयकडून काही भरून घेतलेलं नाही. काही प्रसिद्ध फोटोंत रंग वाटून दिलेले असतात. हबलच्या १९९५च्या ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’मध्ये हायड्रोजनला हिरवा आणि गंधकाला लाल रंग दिलाय. तेही खोटं नाही, नकाशात नदी निळी दाखवतात तसं. पण नकाशा आहे हे सांगायला हवं.

आणि ‘कशावरून’? त्यासाठी मी टेस्टिंगवाल्यांची युक्ती वापरली. सगळ्या फोटोंचे दोन ढीग केले, सम क्रमांकाचे एक, विषम क्रमांकाचे दुसरे. दोन्ही वेगवेगळे स्टॅक केले. गोंगाट असता तर दोन वेगळी चित्रं आली असती. कडा, पोकळी, वरच्या बाजूचे काळे धुळीचे धागे, सगळं दोन्हींत एकाच जागी आलं. ती दोन चित्रं बाबांना पाठवली. उत्तर आलं, ‘ठीक.’ आमच्या घरात ‘ठीक’ म्हणजे दहापैकी नऊ.

गच्चीवरचा दिवा

मध्ये एक कटकट झाली. आमच्या सोसायटीनं पाण्याच्या टाकीवर नवा फ्लडलाइट बसवला, थेट आडवा रोखलेला. कमिटीकडे गेलो, ताऱ्यांबद्दल बोललो. उत्तर मिळालं, सुरक्षेचा प्रश्न आहे. त्यांचंही चूक नव्हतं.

मग ताऱ्यांचा विषय सोडला आणि सीसीटीव्हीचं फुटेज मागितलं. दिवा कॅमेऱ्याच्या डोळ्यात मारत होता, निम्मी गच्ची काळी दिसत होती. इलेक्ट्रिशियननं पत्र्याची टोपी करून दिवा खाली वळवला. फुटेज सुधारलं, जिना दिसायला लागला, आणि माझ्या दुर्बिणीवरचा झोत गेला.

आकाश मात्र उजळ ते उजळच राहिलं. एका टोपीनं हिंजवडी अंधारत नाही. आणि हे मला खुपतं. फिल्टरनं माझ्या कॅमेऱ्याचा प्रश्न सुटला, आकाशाचा नाही. खालच्या मजल्यावरची दुसरीतली मुलगी माझ्या लॅपटॉपवर तेजोमेघ बघते, पण तिच्या डोळ्यांना फिल्टर नाही. तिला मृगाचा बाण दिसतो, त्याखालचे ठिपके नाही दिसत.

काहीच होत नाही असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली (आपली नगर रोडची नव्हे, पेंचची), सिल्लारी अशा गावांत शंभराहून जास्त दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले. दिवे काढले नाहीत, वळवले. आमच्या टाकीवर झालं तेच, फक्त सगळ्या गावानं मिळून.

बाबा गच्चीवर

फेब्रुवारीत बाबा आले. संध्याकाळी साडेआठला गच्चीवर गेलो, मृग डोक्याजवळ. आधी १० बाय ५० ची साधी द्विनेत्री दिली आणि बाणाखाली बघायला सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “धुरकट काहीतरी आहे. रंग नाही.”

बरोबरच आहे. अंधारात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यांतल्या पेशी रंग ओळखत नाहीत आणि तांबड्या उजेडाला जवळपास आंधळ्या असतात. त्या सर्वांत तीक्ष्ण असतात ५०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या रेघेजवळ. बाबांना जे धुरकट दिसलं, त्यात मोठा वाटा नायगमवालांच्या रेघेचा होता.

मग कॅमेरा रोझेटकडे वळवला. काक्षीकडून प्रश्वाकडे जाताना साधारण एक तृतीयांश वाटेवर. तीन-तीन मिनिटांनी एक फोटो येत होता, लॅपटॉप त्याची बेरीज करत होता. पहिल्यात कडं जेमतेम, पाचव्यात पोकळी, बाराव्यात पाकळ्या. बाबांनी खिशातलं पेन काढून माझ्या फिल्टरच्या खोक्यावर वर्गमुळं मांडली होती. एकदा खाली समोरच्या साईटवर बघितलं, एकदा स्क्रीनवर.

दहा वाजले, गार वारा सुटला होता. म्हटलं, “बाबा, चला खाली, बाकीचं आपोआप होईल.”

ते म्हणाले, “थांब. सोळा होऊ दे, म्हणजे चौपट होईल.”

तर मंडळी, हा होता आजचा भाग. गृहपाठ एकच. डिसेंबरात आपापल्या गच्चीवरून, फोननं, मृगाच्या बाणाखालचे पन्नास फोटो. स्टॅक करा, गुलाबी ठिपका आला तर पाठवा, नाही आला तरी पाठवा, काय चुकलं ते मिळून बघू. आणि कोणाबरोबर शिकायचं असेल तर पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, हौशी लोकांचीच. भेटू पुढच्या भागात. आणि हो, गच्चीवरून खाली येताना दिवा बंद करा.